सातवीसाठी कृष्णेच्या पुराचा व्हिडिओ: पडद्यावर काय ठेवायचं, काय काढायचं?

नदीकाठ

सांगली जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या सातवीसाठी ‘कृष्णेला पूर का येतो’ हा व्हिडिओ आहे. आताची रचना अशी:

लांबी ७ मिनिटं २० सेकंद, पॉवरपॉइंटच्या १८ स्लाइड, त्यावर निवेदन. पार्श्वभूमी निळी, खाली गडद आणि वर फिकट होत जाणारी. अक्षरं पिवळी, २४ पॉइंट. महत्त्वाचे शब्द लाल. स्लाइडवर जे लिहिलंय तेच निवेदनात वाचलंय. मागे बासरी. उजव्या कोपऱ्यात गोलात शिक्षकाचा चेहरा. नकाशावर १ ते ९ आकडे आणि शेजारी सूची: महाबळेश्वर, धोम, सातारा, कोयना धरण, कराड, येरळा, वारणा, हरिपूर, सांगली. मधे २०१९च्या पुराचे सहा फोटो.

वर्गात ४३ इंची टीव्ही, शेवटचा बाक ६ मीटरवर. घरी मुलं फोनवर बघतात. बघून झाल्यावर मुलं छपरावर चढवलेल्या म्हशीचा फोटो बरोब्बर सांगतात, पण कोयनेचं पाणी सांगलीत कुठून येतं ते सांगता येत नाही. मागच्या बाकांवरून अक्षर दिसत नाही ही तक्रार वेगळीच.

नेमकं काय बदलावं?

खडू_डस्टर

आधी म्हशीचं बघू, कारण मुख्य दुखणं तिथंच आहे. ती मुलांना आठवते ही काही तुमच्या व्हिडिओची कमाई नाही. लक्ष होतं, ते म्हशीनं नेलं.

चित्र आणि आवाज मेंदूत दोन वाटांनी जातात आणि दोन्ही वाटा अरुंद आहेत. नवीन माहिती एका वेळी तीनचार तुकड्यांच्या वर धरून ठेवता येत नाही. जॉन स्वेलर यांनी १९८८ साली आकलनावरच्या भाराची मांडणी केली. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठात रिचर्ड मेयर यांनी पुढे चित्र आणि शब्द एकत्र शिकवण्यावर बरेच प्रयोग केले. त्यांतून निघालेले नियम तुमच्या व्हिडिओला असे लागू होतात:

पडद्यावरचं वाक्य आणि निवेदन एकच असेल तर मूल दोन्ही ताडून बघतं. डोळे अक्षरांवर अडकतात आणि नकाशा बघायला कुणी उरत नाही. वाक्यं काढा. चित्र डोळ्यांना द्या, वाक्य कानांना. पडद्यावर फक्त नावं आणि आकडे: ‘कोयना’, ‘कराड’, ‘४५ फूट’.

सूची काढा. ५ कुठाय, ५ म्हणजे काय, परत नकाशावर ५ कुठाय, अशी डोळ्यांची वारी होते. नाव ठिपक्याला खेटून लिहा.

नऊ नावंही जास्तच आहेत. कारण सांगायला कृष्णा, कोयना, वारणा या तीन नद्या आणि कराड, हरिपूर, सांगली ही तीन ठिकाणं पुरतात. येरळा ब्रह्मनाळला मिळते हे खरं, पण या व्हिडिओचं काम तिच्यावाचून अडत नाही. साताराही गाळा. (सातारकरांनी रागावू नये.)

बासरी काढा. निवेदनाखाली वाजणारं संगीत त्याच कानाच्या वाटेनं जातं. शीर्षकाला पाच सेकंद वाजवा हवी तर, मग बंद.

फोटो सहाचा एक करा. तोही कारण समजावून झाल्यावर, शेवटी. रंजक पण मुद्द्याला सोडून असलेला तपशील सुरुवातीला दिला की पुढचं सगळं मूल त्याच खुंटीला टांगतं. मग त्याच्या लेखी हा धडा म्हशींचा होतो.

बेदाणा

बासरी काढली तर तो शैक्षणिक व्हिडिओ आहे हे कळणार कसं?

शिरोरेषा

😀 आता अक्षरांकडे. ‘मोठं करा’ एवढ्यानं भागत नाही, हिशेब करावा लागतो.

साधा नियम: अक्षराची उंची पाहणाऱ्याच्या अंतराच्या किमान २००वा भाग हवी. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, वरखालच्या मात्रा धरायच्या नाहीत. ६ मीटरला २०० नं भागलं की ३ सेंटिमीटर. ४३ इंची टीव्हीचं चित्र साधारण ५३.५ सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे अक्षर चित्राच्या १८व्या भागाएवढं हवं. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड ७.५ इंच म्हणजे ५४० पॉइंट उंच. तिचा १८वा भाग ३० पॉइंट. पण फाँटचा आकार म्हणजे अक्षराची उंची नव्हे. बहुतेक देवनागरी फाँटांत अक्षराचं अंग आकाराच्या ६० ते ६५ टक्के असतं. म्हणून ३० भागिले ०.६२, म्हणजे ४८ पॉइंट. तुमचे २४ पॉइंट नेमके निम्मे पडतात. मागच्या बाकावरची मुलं खोटं बोलत नाहीयेत.

फोन जवळ धरतात म्हणून तिथं लहान चालेल असं वाटतं. आडवा धरला तर चालतंही. पण मुलं फोन उभाच धरतात. मग चित्र पावणेसात सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम ३.८ सेंटिमीटर उंच उरतं. ३० सेंटिमीटरवरून बघायला १.५ मिलिमीटर अक्षर हवं. तोच हिशेब केला की ३४ पॉइंट येतात. म्हणजे ४८ ठेवले तर दोन्हीकडे निभावतं.

४८ पॉइंटात एका ओळीत पाचसहा शब्दच बसतात. उत्तम. त्यामुळे खडू_डस्टर सरांचा नियम आपोआपच पाळला जातो.

बाकी देवनागरीच्या खोड्या:

ओळींमधलं अंतर १.४ ते १.५ पट. इंग्रजीच्या सवयीनं १.० ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरपं अक्षर नको, देवनागरीत ते जोर देत नाही, नुसतं कललेलं दिसतं. जोर द्यायचा तर ठळक वजन. मात्र अतिठळक नको. लांबून घ आणि ध, भ आणि म यांच्यातली फट बुजते. अक्षराला बाहेरून जाड कड काढली तरी तेच होतं.

शब्दातल्या एकाच मात्रेला वेगळा रंग देऊ नका. बऱ्याच सॉफ्टवेअरांत तिथं अक्षर तुटून ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं.

मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. नोटो सॅन्स देवनागरीत मराठी वळण आहे, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तर, आणि सॉफ्टवेअर ती सोय मानत असेल तर. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र नीट येतोय ना, हेही निर्यात केलेल्या व्हिडिओत तपासा, स्लाइडवर नव्हे.

आकडे पाठ्यपुस्तकात असतील तसेच ठेवा. एकाच चौकटीत ४५ देवनागरीत आणि दुसरा आकडा इंग्रजीत, असं नको. लहान आकारात १ आणि ९ एकसारखे दिसतात, म्हणून आकडे नावांपेक्षा थोडे मोठे.

पाटीपेन्सिल

शिरोरेषा, एक शंका. फोनवरच्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये मराठी टाकलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढं जाते आणि जोडाक्षरं फुटतात. फाँट बदलूनही तेच.

शिरोरेषा

फाँटचा दोष नाही तो. अक्षरं जुळवणारं यंत्रच त्या अ‍ॅपमध्ये नसतं. अशा अ‍ॅपमध्ये मजकूर टाइपच करायचा नाही. पॉवरपॉइंट किंवा इंकस्केपमध्ये नाव लिहा, पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र काढा आणि ते अ‍ॅपमध्ये चिकटवा. चित्र १९२० × १०८० चौकटीच्या मापानंच काढा. लहान काढून ताणलं की कडा फुटतात. प्रीमियर वापरत असाल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचं टेक्स्ट इंजिन निवडा.

आणि श्रीलिपीतला जुना मजकूर थेट चिकटवू नका. आधी युनिकोड करून घ्या, नाहीतर दुसऱ्या संगणकावर सगळी चिन्हांची रांगोळी.

रंगपेटी

रंगांबद्दल अजून कुणी बोललं नाही.

पिवळं अक्षर गडद निळ्यावर वाईट नाही. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा यांच्या उजेडाचं गुणोत्तर ८ : १ येतं. वेबच्या सुलभतेच्या निकषांत साध्या अक्षराला ४.५ : १ आणि मोठ्या अक्षराला ३ : १ लागतं. तुमची गोम आहे फिकट होत जाणाऱ्या पार्श्वभूमीत: स्लाइडच्या वरच्या भागात निळा विरतो, पिवळं अक्षर तिथं बुडतं, आणि शीर्षक नेमकं तिथंच असतं.

लाल शब्दांची अवस्था त्याहून वाईट. शुद्ध निळ्यावर शुद्ध लाल म्हणजे साधारण २.१ : १. महत्त्वाचे म्हणून लाल केलेले शब्द सगळ्यांत कमी दिसतात! वर आणखी एक घोळ: व्हिडिओ दाबताना उजेडाचा तपशील पूर्ण ठेवतात, रंगाचा मात्र आडवा-उभा निम्माच. त्यामुळे निळ्यावरच्या बारीक लाल रेघांच्या कडा पुसट होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला की अजून दाबला जातो. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते.

माझं मत: पार्श्वभूमी सपाट आणि फिकट, सायीच्या रंगाची. अक्षरं जवळजवळ काळी. नद्या निळ्या, रेघ किमान ८ पिक्सेल. जोर द्यायला एकच रंग, गडद नारिंगी, आणि तो एका वेळी एकाच गोष्टीला. बाकी नकाशा राखाडी.

उद्या टीव्हीऐवजी प्रोजेक्टर आला तर गडद पार्श्वभूमी आणखी फसते. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, खोलीतल्या उजेडात भिंत जेवढी उजळ तेवढाच त्याचा काळा. खिडक्या उघड्या असतील तर गडद निळ्याचा धुरकट राखाडी होतो.

धोक्याच्या पातळ्या हिरवा-पिवळा-लाल अशा नुसत्या रंगांनी दाखवू नका. लाल-हिरवा फरक न कळणारी मुलं बहुतेक वर्गांत एखाददुसरी निघतात. मुलग्यांमध्ये ते जास्त, कारण तो गुण एक्स गुणसूत्रावरून येतो. रंगासोबत शब्द आणि रेघेचा प्रकार द्या: इशाऱ्याला तुटक रेघ, धोक्याला सलग जाड. एकदा सगळी चौकट कृष्णधवल करून बघा. तरीही कळत असेल तर पास.

नदीकाठ

पातळ्यांचं चित्र असं ठरवलंय: सांगलीचा आयर्विन पूल, शेजारी उभी पट्टी, ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं ती तिसरी खूण. पूल १९२९चा आहे हेही लिहावं का?

पट्टी_आणि_गुण्या

१९२९ लिहू नका. चित्र पातळीचं आहे, साल तिथं फुकटचं लक्ष खातं. निवेदनातही नको.

पट्टीचं म्हणाल तर:

० ते ६० सलग काढा, दर १० फुटांना मोठी खूण. जागा वाचवायला ३५ पासून सुरू केली तर ४० आणि ५७ मधला फरक चौपट-पाचपट वाटतो.

आणि हे फूट पुलाजवळच्या मोजपट्टीवरचे आहेत. ‘नदी ४५ फूट खोल झाली’ असं निवेदनात अजिबात येऊ देऊ नका. ‘पट्टीवर पाणी ४५ वर आलं’ असं म्हणा.

पाणी चढताना हलतं चित्र योग्य, कारण चढणं हाच विषय आहे. पण ४० ला थांबवा, ४५ ला थांबवा, दर वेळी तीन सेकंद. हलत्या चित्रातलं मागचं दृश्य पुसलं जातं. मुलाला ते मागं जाऊन बघता येत नाही, निदान वर्गातल्या टीव्हीवर तरी नाही. शेवटी तिन्ही खुणा असलेलं स्थिर चित्र पाच सेकंद.

मापाला माणूस द्या. पट्टीशेजारी पाच फुटांची आकृती काढली की ५७ म्हणजे किती ते एका नजरेत कळतं.

क्युसेकचंही तसंच. ‘सेकंदाला एक घनफूट’ म्हणून मूल हलत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. २०० लिटरचं पिंप काढा आणि सात सेकंदांत भरताना दाखवा. खऱ्या सात सेकंदांत. मग ‘असे ५० हजार क्युसेक’ म्हटल्यावर पोरं स्वतःच डोकं लावतात. टीएमसी (अब्ज घनफूट) मात्र पिंपांत दाखवायला जाऊ नका. १ टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर, पिंपं मोजता मोजता पावसाळा संपेल. तिथं कोयना धरण पूर्ण भरलेली एक टाकी काढा, खाली ‘१०५.२५ टीएमसी’ लिहा आणि ‘एवढ्यातलं एवढं सोडलं’ हे टाकीतल्याच भागानं दाखवा.

गावगाडा

पण मूळ कारण कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे, ते व्हिडिओत कुठंच नाही?

पट्टी_आणि_गुण्या

तो वाद इथं नको, त्याला वेगळा धागा काढा. सातवीच्या एवढ्याशा व्हिडिओत वादाचा मुद्दा बसत नाही, आणि अर्धवट बसवला तर अजून वाईट. पाऊस, उतार, संगम, विसर्ग एवढं पुरे.

खडू_डस्टर

सहमत. उताराचा छेद काढाल तेव्हा एक जपा. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर, सांगली साडेपाचशेच्या आसपास. खऱ्या प्रमाणात काढलं तर रेघ सपाटच दिसते, म्हणून उभं माप वाढवावंच लागतं. हरकत नाही, पण चौकटीत ‘उंची वाढवून दाखवली आहे’ असं लिहा. नाहीतर मुलांना वाटतं कृष्णा कड्यावरून उडी मारून थेट सांगलीत येते.

आता वेळेचं. सात मिनिटं वीस सेकंद एका दमात नको. तीन भाग करा आणि प्रत्येकानंतर थांबा. पहिल्यात फक्त ओळख: नद्यांची नावं, संगम, पाणलोट, विसर्ग, क्युसेक. नावं आणि प्रक्रिया एकाच वेळी आली की मूल नावांतच गुंततं. आधी पात्रपरिचय, मग नाटक. थांबण्याच्या जागी पडद्यावर एकच प्रश्न ठेवा आणि शिक्षकांना व्हिडिओ हातानं थांबवू द्या. दहा सेकंदांचं आपोआप चालणारं घड्याळ नको.

शब्द आणि चित्र एकाच क्षणी यायला हवेत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे इथं एक हमखास चूक होते. ‘कराडजवळ कोयना समोरून येऊन कृष्णेला मिळते’ हे सगळं वाक्य संपल्यावर बाण सरकतो. तोवर मुलानं कराड शोधायला नकाशाभर भटकून घेतलेलं असतं. ‘कराडजवळ’ म्हणताना कराडचा ठिपका नारिंगी, ‘कोयना’ म्हणताना कोयनेची रेघ नारिंगी, ‘मिळते’ला दोन्ही पाणी एक. उजळणं शब्दाच्या किंचित आधी ठेवा. उशीर खटकतो, घाई खटकत नाही.

आणि वाक्यं बोलीत. ‘विद्यार्थ्यांनी निरीक्षण करावे’ हे परिपत्रक झालं. ‘आता कराडकडं बघ. दोन नद्या समोरासमोर आल्यात. पाणी कुठं जाईल?’ असं बोला.

पाटीपेन्सिल

‘कडं’ की ‘कडे’? वरिष्ठ कार्यालयात ऐकवायचं असेल तर प्रमाण भाषाच बरी.

खडू_डस्टर

ऐकणारं कोण आहे त्यावर ठरवा. मुलाशी थेट बोलल्यासारखं असणं महत्त्वाचं, तिथं संशोधनही बाजूनं आहे. ‘कडे’ म्हणून थेट बोलता येतंच. फक्त ‘करण्यात येते’, ‘आढळून येते’ हे नको.

जवारी

आवाज.

चित्र जरा कमी असलं तर चालून जातं. आवाज घुमला की मूल दुसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेर. रिकाम्या वर्गात रेकॉर्ड करू नका. फरशी, भिंती, पत्रा, तिन्ही घुमवतात. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर बसा, किंवा दोन खुर्च्यांवर वाकळ टाकून तिच्या आडोशाला. पंखा बंद.

फोनचा माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, आणि समोर नव्हे, थोडा बाजूला. मराठीत फ, भ, ख, घ, ध यांच्या श्वासाचा झोत थेट माइकवर आदळतो आणि ‘धप्प’ असा आवाज येतो. ‘धोक्याची पातळी’ म्हणून बघा, लगेच कळेल.

आधी दहा सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीत तोच नमुना देऊन घरघर कमी करता येते. जास्त कमी केली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, म्हणून ६ ते १० डेसिबलवर थांबा. सर्वांत मोठा आवाज उणे ३ डेसिबलच्या खाली. वेग मिनिटाला ११०-१२० शब्द. नव्या शब्दानंतर अर्ध्या सेकंदाची जागा सोडा.

निवेदन स्लाइडनुसार वेगवेगळ्या फाइलींत. एक वाक्य चुकलं म्हणून सात मिनिटं परत बोलायची वेळ येत नाही.

जत_पूर्व

पडद्यावर वाक्यं नकोतच, यावर एक अपवाद. आमच्या जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, आणि मराठी शाळांतही घरी कन्नड बोलणारी मुलं बरीच. त्यांना ‘पाणलोट’, ‘विसर्ग’ नुसते ऐकून पकडता येत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्या मुलांचंही तेच. तिथं काय करायचं?

खडू_डस्टर

हा अपवाद रास्त आहे, मेयरही तो मान्य करतात. शिकण्याची भाषा परकी असेल किंवा शब्द नवा, अवघड असेल तर लिहिलेलं मदत करतं. म्हणून नवा शब्द पडद्यावर यायलाच हवा. पूर्ण वाक्य ज्याला हवं त्याला, म्हणजे उपशीर्षकं वेगळी आणि बंद करता येणारी.

शिरोरेषा

आणि ती एसआरटी फाइलमध्ये. यूट्यूबवर लगेच चालतात. पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावताना फाइलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवा आणि यूटीएफ-८ मध्ये साठवा. तरीही बऱ्याच टीव्हींना देवनागरी जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. आधी त्याच टीव्हीवर बघा. बिघडत असेल तर उपशीर्षकं चित्रातच छापलेली दुसरी प्रत काढा. उपशीर्षकासाठी चौकटीचा खालचा सहावा भाग मोकळा सोडा, म्हणजे सांगलीचा ठिपका झाकला जाणार नाही.

पाटीपेन्सिल

कोपऱ्यातल्या चेहऱ्याचं काय? चेहरा असला की मुलांना आपलेपणा वाटतो म्हणतात.

रंगपेटी

सुरुवातीला दहा सेकंद पूर्ण पडद्यावर, नमस्कार, मग गायब. नकाशा चालू असताना हलणारा चेहरा असला की डोळा आधी तिथंच जातो, ती डोळ्याची जातच आहे. चेहऱ्याऐवजी काढणारा हात दाखवा. फोन स्टँडवर उलटा टांगून कागदावर नदी काढताना चित्रण केलं तर क्रमही कळतो आणि माणूसही दिसतो. दिवा डाव्या बाजूनं, म्हणजे उजव्या हाताची सावली रेघेवर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट.

बेदाणा

आणि सुरुवातीच्या स्वागत, प्रेरणा, मार्गदर्शन, संकल्पना, विशेष सहकार्य या पाच स्लाइड?

रंगपेटी

शेवटी. सगळ्या एकावर, तीन सेकंद. मूळ नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून गिरवला असेल तर त्यांचं श्रेय मात्र तिथं हवंच, ती परवान्याची अट आहे.

पट्टी_आणि_गुण्या

तपासणीचं राहिलं. सगळं झाल्यावर चारपाच मुलांना दाखवा आणि ‘कळलं का?’ विचारू नका. ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. कोरा नकाशा द्या, नद्या नुसत्या रेघांनी, आणि नावं लिहायला सांगा. हे झालं आठवण्याचं. मग व्हिडिओत न सांगितलेलं विचारा: ‘कोयनेतून पाणी सोडलं, पण वारणेच्या खोऱ्यात पाऊस नाही, तर हरिपूरच्या आधी आणि नंतर नदीत काय फरक दिसेल?’ हे जमलं तर व्हिडिओ शिकवतोय. पहिलं जमतं आणि दुसरं नाही, असं झालं तर प्रक्रियेचा भाग परत बघा, रंग-अक्षरांत हात घालू नका.

ही परीक्षा कागदावरच्या कच्च्या चित्रांनी आधीच घेता आली तर अजून बरं. सहा कागद, तोंडानं निवेदन. चूक तिथं सापडली तर पेन्सिलीनं दुरुस्त होते, व्हिडिओत सापडली तर रात्र जाते.

नदीकाठ

सगळ्यांच्या सूचना धरून नवी आखणी:

भाग १, दीड मिनिट. फिकट नकाशा, उत्तर वर. तीन नद्या, तीन ठिकाणं, एकेक करून उजळतात. पाणलोट, विसर्ग, क्युसेक हे तीन शब्द. पिंप सात सेकंदांत भरतं. प्रश्न: ‘कोयना कृष्णेला कुठं मिळते?’

भाग २, पावणेतीन मिनिटं. महाबळेश्वर ते सांगली छेद, महाबळेश्वर डावीकडं, सांगली उजवीकडं. घाटमाथ्यावर पाऊस, टाकी भरते, विसर्ग, कराडचा संगम, उतार कमी होतो, पाणी पसरतं, हरिपूरला वारणा. प्रश्न: ‘सांगलीत पाऊस नसतानाही पूर येईल का?’

भाग ३, पावणेदोन मिनिटं. पूल, ० ते ६० पट्टी, शेजारी माणूस, ४० तुटक, ४५ सलग, ५७ ची खूण. पाण्याचा बाण उजवीकडून डावीकडं. शेवटी एक फोटो.

अक्षर ४८, आकडे ५४. संगीत नाही. एसआरटी वेगळी.

पाटीपेन्सिल

+१. सहा मिनिटांत आलं की सगळं.

रंगपेटी

चांगलं झालंय. एकच खटकलं. भाग २ मध्ये पाणी डावीकडून उजवीकडं जातं आणि भाग ३ मध्ये उजवीकडून डावीकडं. मुलाला वाटेल नदी उलटी फिरली, किंवा फुगवटा मागं आला. सगळ्या छेदांत दिशा एकच ठेवा. पुलाचं चित्र आडवं उलटवा, झालं.

नदीकाठ

उलटवून बघितलं. पट्टीवरचे आकडेही आरशातल्यासारखे उलटे झाले.

रंगपेटी

आकडे पुलाच्या गटातून सोडवून वेगळ्या थरावर घ्या. मग फक्त पूल, पाणी आणि बाण निवडून उलटवा. माणसाची आकृती पट्टीजवळ परत सरकवावी लागेल, ती आता पलीकडच्या काठाला गेली असेल.

नदीकाठ

पाण्यात उभी आहे.

पट्टी_आणि_गुण्या

तिचे पाय पट्टीच्या शून्यावर टेकवा, नाहीतर पाच फुटांचं माप चुकेल. पाणी तिच्या मागच्या थरावर घ्या, म्हणजे चढलं तरी ती झाकली जात नाही.